अंगावरून वारे जाते तेव्हा

खानदेशात एखाद्या माणसाचे अर्धे अंग एकाएकी लुळे पडले, की दोन शब्दप्रयोग हमखास कानी पडतात. कोणी म्हणते, ‘लकवा मारला’. कोणी म्हणते, ‘अंगावरून वारं गेलं’. जळगावच्या बाजारपेठेत, धुळ्याच्या एस. टी. स्थानकावर, यावल-रावेरकडील केळीच्या मळ्यांत हे शब्द इतक्या सहजपणे वापरले जातात की, ते किती लांबचा प्रवास करून आपल्या ओठांवर आले आहेत, याचा विचार सहसा मनात येत नाही. ‘लकवा’ हा शब्द मूळ अरबी. युनानी वैद्यकात तो केवळ तोंड वाकडे होण्याच्या विकाराला लावतात. अर्ध्या अंगाच्या लुळेपणाला तेथे ‘फालिज’ असे निराळे नाव आहे. आपल्याकडे येता येता ही सीमारेषा पुसली गेली आणि दोन्ही विकार एकाच नावाखाली आले. ‘वारे’ मात्र आयुर्वेदातून आलेले. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत अर्ध्या अंगाचा हा विकार वातव्याधींमध्ये गणलेला आहे, आणि तोंड वाकडे होण्याला ‘अर्दित’ असे स्वतंत्र नाव दिलेले आहे. ग्रंथातला वात लोकभाषेत वारा झाला आणि तो ‘अंगावरून जाऊ’ लागला.

पाश्चात्त्य भाषांतही याहून वेगळे घडले नाही. ग्रीकांनी या विकाराला दिलेल्या ‘अपोप्लेक्सी’ या नावाचा अर्थ आघाताने खाली पाडणे असा आहे. इंग्रजी ‘स्ट्रोक’ म्हणजे तर सरळ फटकाच. माणूस बोलता बोलता कोसळतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की, कोणीतरी बाहेरून प्रहार केला. पवित्र शास्त्राच्या वाचकाला येथे मक्काबी यांच्या पहिल्या पुस्तकाचा नववा अध्याय आठवेल. मंदिराच्या आतल्या अंगणाची भिंत पाडण्याचा हुकूम देणाऱ्या अल्किमसवर आघात होतो, त्याची वाचा बंद पडते, त्याला आपल्या घरची निरवानिरवही सांगता येत नाही आणि तो यातना भोगत मरतो. १३७ व्या स्तोत्रातील उल्लेख त्याहून सूक्ष्म आहे. यरुशलेमला विसरलो तर काय व्हावे, हे सांगताना स्तोत्रकर्ता दोन गोष्टींची नावे घेतो : उजवा हात आणि जीभ. हा निव्वळ काव्यालंकार की पाहिलेल्या रुग्णाची आठवण, हे ठरवण्याचे साधन आपल्याजवळ नाही. पण उजवा हात आणि वाचा एकदमच का जातात, या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, एवढे मात्र खरे.

आघात बाहेरून होत नाही, तो कवटीच्या आत घडतो, हे डोळ्यांनी पाहण्याचे श्रेय योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याकडे जाते. शाफहाउझेन गावच्या रुग्णालयात मरण पावलेल्यांच्या शरीराचे विच्छेदन करण्याची परवानगी त्याने मिळवली होती. अपोप्लेक्सीने मेलेल्या माणसांच्या मेंदूत रक्तवाहिनीबाहेर सांडलेले रक्त त्याला आढळले, आणि १६५८ मध्ये त्याने ते ग्रंथरूपाने मांडले. मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या तुंबल्या तरीही हाच परिणाम होऊ शकतो, हेही त्याने ओळखले होते. म्हणजे रक्तवाहिनी फुटणे किंवा बंद पडणे, हे जे दोन प्रकार आजचा वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो, त्यांचे बीज साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात आहे. १६९५ मध्ये वेप्फर वारला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देहाचेही विच्छेदन झाले आणि त्याची महारोहिणी कठीण झालेली आढळली.

सहाच वर्षांनी, १६६४ मध्ये, इंग्लंडमध्ये टॉमस विलिस याचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ आला. त्यातील चित्रे काढण्यात क्रिस्टोफर रेन याचा हात होता. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल पुढे उभारणारा हाच तो वास्तुशिल्पी. मानेतून वर जाणाऱ्या चार रोहिण्या, म्हणजे पुढच्या दोन आणि मणक्यांतून जाणाऱ्या मागच्या दोन, मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार करतात. या कड्याला आजही विलिसचे नाव आहे. विलिसने एका माणसाची हकीगत दिली आहे. त्याची मानेतली एक रोहिणी पूर्ण बंद झालेली होती, तरी हयातीत त्याला पक्षाघात झाला नव्हता. तो मेला पोटातल्या गाठीने. विच्छेदनात दिसले की, त्याच बाजूची मागची रोहिणी फुगून तिप्पट झाली होती. आपल्या भागात पाटाचे पाणी एका बाजूने अडले, तर शेतकरी दुसऱ्या चारीने ते फिरवून घेतो. या कड्याची व्यवस्था तशीच आहे. मात्र कड्याच्या पुढे गेलेल्या फांदीत गुठळी अडकली, तर तेथे फिरवून घ्यायला पुरेशी चारी बहुधा नसते, आणि त्या फांदीखालचे शेत वाळू लागते.

याच काळातील निकोलस स्टेनो याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. कोपनहेगनचा हा तरुण शरीररचनाशास्त्रज्ञ १६६५ मध्ये पॅरिसला मेंदूवर व्याख्यान द्यायला उभा राहिला, आणि मेंदूविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, असे सांगून त्याने सुरुवात केली. विलिस आणि देकार्त या दोघांच्याही कल्पनांचे त्याने परखड परीक्षण केले. पांढऱ्या भागातले तंतू कोठून निघतात आणि कोठे जातात, याचा माग काढल्याशिवाय सिद्धांत रचू नयेत, असे त्याचे म्हणणे होते. लुथरपंथात वाढलेला स्टेनो १६६७ मध्ये कॅथलिक झाला, पुढे धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप झाला. १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. संतमालिकेच्या उंबरठ्यावर उभा असलेला मेंदूचा अभ्यासक म्हणून तो आपल्याला जवळचा वाटावा, पण वैद्यकाच्या इतिहासात त्याचे मोल आहे ते त्या व्याख्यानातील सचोटीमुळे.

ही विद्या मराठी मुलखात आली ती मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून. १८४५ मध्ये ते सुरू झाले आणि १८५१ मध्ये तेथून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाची स्थापना करणारे आत्माराम पांडुरंग हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे. पण त्याच आठांत सेबॅस्टियन कार्व्हालो, जोसे कामिलो लिस्बोआ आणि पॉल फ्रान्सिस गोम्स ही तीन नावे आहेत, याची आपल्या घराघरांत फारशी वाच्यता होत नाही. शवाला हात लावणे हीच जेथे मोठी अडचण होती, तेथे या आठजणांनी शवविच्छेदन करून शरीररचना शिकली. खानदेश तेव्हा यापासून फार दूर होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढचे जळगाव आणि धुळे. पण येथल्या विद्यार्थ्याला डॉक्टर व्हायचे, तर मुंबई गाठावी लागे, नंतर पुणे किंवा औरंगाबाद. धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि जळगावचे शासकीय महाविद्यालय तर २०१८ मध्ये. विलिसचे कडे खानदेशच्या भूमीवर विद्यार्थ्यांना दाखवले जाण्यास सव्वातीनशे वर्षे लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मृताची कवटी उघडून कारण सापडते. जिवंत माणसाचे काय? येथून या इतिहासाचा सर्वांत देखणा भाग सुरू होतो, असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकातील वैद्याजवळ चित्र काढणारे यंत्र नव्हते. त्याच्याजवळ होते रुग्णाचे शरीर, आणि मेंदूच्या रचनेचे हळूहळू भरत चाललेले ज्ञान. उजवे अंग गेले तर दोष डाव्या मेंदूत असतो, हे १७६१ मध्ये मोर्गान्यी याच्या मोठ्या ग्रंथाने अनेक शवविच्छेदनांच्या आधारे पक्के केले होते; हालचालीचे तंतू मेंदूच्या खालच्या टोकाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात हे त्याचे कारण. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका याने वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड दाखवला. पुढे कार्ल वेर्निके याने १८७४ मध्ये दुसरा प्रकार वेगळा काढला : रुग्ण घडाघडा बोलतो, पण शब्दांना अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला उमगत नाही. घरचे लोक अशा माणसाला वेड लागले असे समजतात, हे आजही घडते. बहुतेकांची वाचा डाव्या मेंदूत, आणि उजव्या हाताची सत्ताही तिथेच, शेजारी. दोघांना पाणी पाजणारी रोहिणी एकच. स्तोत्रातील उजवा हात आणि जीभ यांची जोडी अशी उलगडते.

मेंदूच्या आत खोलवर एक अरुंद जागा आहे, तिला वैद्यकात ‘इंटर्नल कॅप्सूल’ म्हणतात. ती समजून घ्यायला खानदेशच्या माणसाला लांब जायला नको. भुसावळला मुंबई, नागपूर आणि इटारसी या तिन्ही दिशांचे लोहमार्ग एकत्र येतात. वाटेवरच्या एखाद्या लहान स्थानकात बिघाड झाला तर एकच मार्ग अडतो, पण भुसावळच्या यार्डात झाला तर सगळेच अडते. मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलेले हालचालीचे तंतू या अरुंद जागेत असेच एकवटतात. त्यामुळे पृष्ठभागावरचा मोठा बिघाड केवळ हात दुबळा करून थांबेल, तर येथे बोराएवढा रक्तस्राव तोंड, हात आणि पाय हे तिन्ही एकदम लुळे करील. तिन्ही सारखेच गेले की जाणता वैद्य या जागेकडे बोट दाखवतो.

तळपायाच्या कडेवरून टोकदार वस्तू ओढली, तर निरोगी प्रौढाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारा मार्ग तुटला असेल तर तो वर उठतो. हे जोसेफ बाबिन्स्की याने १८९६ मध्ये नोंदले, आणि त्याला साधन म्हणून किल्लीसुद्धा पुरते. तोंड वाकडे झालेल्या माणसाला डॉक्टर भुवया वर चढवायला सांगतात, त्यामागेही रचनेचेच ज्ञान आहे. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही मेंदूंकडून आज्ञा मिळते, म्हणून पक्षाघातात कपाळाला आठ्या पडतात. पण चेहऱ्याची नसच सुजली असेल, तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते आणि डोळा मिटत नाही. चार्ल्स बेलच्या नावाने ओळखला जाणारा हा दुसरा विकार बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. अरबी वैद्यांनी आणि आयुर्वेदाने जपलेला, आणि आपण ‘लकवा’ या एका शब्दात हरवलेला भेद तो हाच. लकव्यावर अमक्या गावचे औषध रामबाण असल्याची ख्याती ज्या अनेक ठिकाणी ऐकू येते, त्या ख्यातीतला बराच वाटा आपोआप बऱ्या होणाऱ्या या विकाराचा असावा, अशी मला दाट शंका आहे.

या पद्धतीची परमावधी म्हणावी अशी एक हकीगत डान्झिग शहरातली आहे. आडोल्फ वालेनबर्ग या डॉक्टरने १८९५ मध्ये ३८ वर्षांच्या एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाएकी चक्कर, गिळता न येणे, चेहऱ्याच्या एका बाजूची आणि धडाच्या दुसऱ्या बाजूची वेदना-संवेदना नष्ट होणे, अशी विचित्र लक्षणे त्याला होती. हात-पाय मात्र लुळे पडले नव्हते. ही सारी लक्षणे जेथे एकत्र भेटू शकतील, अशी जागा लंबमज्जेच्या कडेला एकच आहे आणि तिला रक्त देणारी अमुक रोहिणी बंद पडली असावी, असे वालेनबर्गने लिहून ठेवले. १८९९ मध्ये तो रुग्ण वारला. विच्छेदन झाले, आणि १९०१ मध्ये वालेनबर्गने ते प्रसिद्ध केले : दोष सांगितलेल्या जागीच होता.

मुंबईत या विद्येची परंपरा विसाव्या शतकाच्या मध्याला रुजली. जे. जे. रुग्णालयात मेनिनो डिसोझा, के. ई. एम. मध्ये एडी भरुचा, आणि त्यांच्या मागून नोशिर वाडिया यांनी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, हातोडी आणि टाचणी घेऊन, मेंदूतली जागा शोधण्याचे शिक्षण पिढ्यान्पिढ्या डॉक्टरांना दिले. त्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी महाराष्ट्रभर पसरले.

या पद्धतीने जागा सापडे, पण प्रकार निश्चित सांगता येत नसे. रक्तवाहिनी फुटली की बंद पडली? तीव्र डोकेदुखी, उलटी, लगेच हरपलेली शुद्ध, चढलेला रक्तदाब ही फुटल्याची लक्षणे मानली जात. झोपेतून उठताना अंग लुळे आढळले तर गुठळीचा संशय. पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून त्यात रक्त आहे का, तेही पाहत. तरीही चांगले चांगले वैद्य फसत, कारण लहान रक्तस्राव हुबेहूब गुठळीसारखा वागतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्येच लागला होता. पण त्यांना कवटीचे हाड दिसे, आतला मऊ मेंदू दिसत नसे. ही कोंडी प्रथम फोडली लिस्बनच्या एगास मोनिझ याने. १९२७ च्या जूनमध्ये त्याने मानेतल्या रोहिणीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्यांचे झाड चित्रात उमटवले. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या अमलाखाली होता, आणि १८४२ पासून चालत आलेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेची नाळ लिस्बनशीच जुळलेली होती. मोनिझला १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र या कामासाठी नव्हे. मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिळाले, जी वैद्यकाने पुढे टाकून दिली. पारितोषिके देणाऱ्यांचेही निदान चुकते.

मोनिझच्या पद्धतीचा एक महत्त्वाचा उपयोग आपल्या मुंबईत झाला, आणि त्याची आठवण मराठी वाचकाला असायला हवी. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मेंदूच्या रोहिणीत गुठळी अडकलेल्या रुग्णांची चित्रे त्यांनी पुन्हा काढली, तेव्हा आधी बंद दिसलेली रोहिणी नंतर मोकळी झालेली दिसली. गुठळी आपोआप विरघळली होती. शरीर जे उशिरा करते ते औषधाने वेळेत करता आले तर? या प्रश्नाचे ठाम उत्तर अमेरिकेतील चाचणीने १९९५ मध्ये दिले : पहिल्या ३ तासांत गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, तर अधिक रुग्ण स्वतःच्या पायांवर उभे राहतात. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. २०१५ पासून मोठी गुठळी बारीक नळीने ओढून काढण्याचे उपचारही सिद्ध झाले. पण हेच औषध रक्तस्राव झालेल्याला दिले, तर ते प्राणघातक ठरते. म्हणजे ‘फुटली की बंद पडली’ हा जो प्रश्न शेकडो वर्षे विद्वत्तेचा होता, तो आता काही मिनिटांत सोडवायचा प्रश्न झाला.

तो सोडवणारे यंत्र तोवर तयार होते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने बनवलेल्या सीटी स्कॅनरमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पाहिला गेला. ताजे रक्त या चित्रात लगेच पांढरे शुभ्र दिसते. गुठळीने झालेला बिघाड मात्र पहिल्या काही तासांत बहुधा दिसतच नाही, आणि ‘सीटी नॉर्मल आहे’ असे ऐकून घरचे लोक निर्धास्त होतात. त्या क्षणी नॉर्मल चित्राचा अर्थ इतकाच, की रक्तस्राव नाही. लुळा हात आणि वाकडे तोंड तेव्हाही गुठळीचीच साक्ष देत असतात. चुंबकीय लहरींवर चालणारे एमआरआय यंत्र ताजा बिघाड फार लवकर दाखवते, पण त्याला वेळ आणि खर्च दोन्ही अधिक लागतात.

दलालांनीच पुढे २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका भागात केलेल्या पाहणीत वर्षाला दर लाख वस्तीमागे सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले. त्यांतले सुमारे ८० टक्के रोहिणी बंद पडल्याचे होते, आणि जवळजवळ ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. ही मुंबईची गोष्ट. नाशिक धर्मप्रांतात मोडणाऱ्या आपल्या खानदेशात जळगाव-धुळ्याला सीटी यंत्रे आहेत; पण सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यांवर आघात झाला, तर तेथून शहरापर्यंतचा रस्ता या साडेचार तासांतूनच वजा होतो. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, धुळ्याहून रस्त्याने सव्वातीनशेच्या आसपास. ‘थेट मुंबईलाच नेऊ’ असे ठरवणारे कुटुंब जवळचे यंत्र ओलांडून पुढे निघून जाते. मोठी रोहिणी बंद झाल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला आहे. अंगावरून वारे गेले म्हणून तेल चोळत बसलेली, कबुतराचे रक्त लावणाऱ्याच्या शोधात गेलेली पहिली दुपार त्या हिशोबात धरावी लागते.

निदानाची पहिली पायरी अजूनही खाटेशेजारच्या माणसाकडेच आहे. हसायला सांगितले तर तोंड एका बाजूला ओढले जाते का, दोन्ही हात समोर धरले तर एक खाली घसरतो का, साधे वाक्य नीट म्हणता येते का, एवढे पाहायला बाबिन्स्की लागत नाही. आणि रुग्णालयाच्या दारात डॉक्टर जो पहिला प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर बहुधा घरच्या माणसापाशीच असते : यांना शेवटचे ठीक केव्हा पाहिले? एप्रिल-मे महिन्यांत खानदेशातील माणसे गच्चीवर, अंगणात झोपतात. रात्री दहाला नीट बोलून झोपलेले आजोबा पहाटे पाचला उजव्या अंगाने लुळे आढळले, तर घड्याळ रात्री दहापासून धरले जाते, पहाटे पाचपासून नव्हे, आणि साडेचार तास केव्हाच उलटून गेलेले असतात. अशा रुग्णांसाठी २०१८ मधील एका युरोपीय चाचणीने एक वाट दाखवली. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात बिघाड दिसत असेल आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रात अजून उमटला नसेल, तर आघात बहुधा नुकताच, झोपेच्या अखेरीस झालेला असतो, आणि त्यांना औषध देता येते. त्यासाठी आजोबांना पाच वाजताच उठवून न्यावे लागते.